हवेची खबर किती जुनी?

फोरजीचा फोन टॉवरशी जोडलेला असतो तेव्हा तो अधूनमधून चार बिटांचा एक आकडा वर पाठवतो. शून्यापासून पंधरापर्यंत काहीही. नेटवर्कने सांगितले असेल तसा, कधी दर दोन मिलिसेकंदांनी, कधी १६० मिलिसेकंदांनी. फोनचे म्हणणे असे असते: माझ्यापर्यंत सिग्नल सध्या या दर्जाचा पोचतो आहे, एवढ्या वेगाने पाठवलेत तर दहातली नऊ पॅकेटे नीट लागतील, याहून वेगाने पाठवू नका. आकडा १ असेल तर टॉवर लहरीच्या प्रत्येक ठोक्यामागे जेमतेम ०.१५ बिट माहिती पाठवतो. १५ असेल तर ५.५५ बिट. तोच टॉवर, तोच फोन, स्पेक्ट्रमची तीच पट्टी, आणि वेगात ३६ पटींहून जास्त फरक.

हा फरक दोन गोष्टी फिरवून साधला जातो. पहिली मॉड्युलेशन, म्हणजे एका ठोक्यात किती बिट कोंबायचे. क्यूपीएसकेमध्ये दोन, ६४-क्वॅममध्ये सहा, २५६-क्वॅममध्ये आठ. जितके जास्त कोंबाल तितक्या लहरीच्या दोन शेजारच्या अवस्था एकमेकींच्या जवळ येतात आणि थोड्याशा खरखरीनेही त्यांची गल्लत होते. दुसरी गोष्ट कोडिंग, म्हणजे खऱ्या माहितीसोबत चुका दुरुस्त करण्यासाठी किती जादा बिट जोडायचे. हवा चांगली असेल तर दाट मॉड्युलेशन आणि थोडे संरक्षण, वाईट असेल तर विरळ मॉड्युलेशन आणि भरपूर संरक्षण. ही जोडी चॅनलच्या, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्यातल्या हवेतल्या वाटेच्या, अवस्थेनुसार सतत बदलत राहणे म्हणजे लिंक अ‍ॅडाप्टेशन. आज मोबाइल, वाय-फाय, उपग्रह, टॉवर ते टॉवर मायक्रोवेव्ह, शेतातला सेन्सर यांपैकी बहुतेक ठिकाणी ते कोणत्या ना कोणत्या रूपात चालते.

या विषयावरच्या संशोधनाचा मोठा भाग कोणत्या दर्जाला कोणता वेग द्यावा याच प्रश्नाभोवती फिरतो. मला तो सोपा भाग वाटतो. त्याचे उत्तर एका तक्त्यात मावते आणि मानकांच्या पुस्तकात तसा तक्ता छापलेला असतो. अवघड आहे ते वेगळेच. चॅनलची खबर पाठवणाऱ्यापर्यंत पोचते तोवर चॅनल बदललेला असतो. कालचा भाव ऐकून आज बाजार समितीत माल नेणाऱ्या शेतकऱ्यासारखी टॉवरची गत असते. या क्षेत्राचा इतिहास मला तरी या शिळ्या खबरीशी निभावून घेण्याच्या युक्त्यांचा इतिहास वाटतो.

खबर किती लवकर शिळी होते, ते आधी पाहू. भारतात फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. तिथे तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर. टॉवरकडून निघालेली लहर इमारती, बस, झाडे, माणसे यांवर आदळून अनेक वाटांनी फोनपर्यंत येते. काही ठिकाणी या लहरी एकमेकींना बळ देतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात. बळाची जागा आणि मार खाल्लेली जागा यांत साधारण अर्ध्या तरंगलांबीपेक्षाही कमी अंतर असते, म्हणजे जेमतेम दोन बोटे. माणूस चालत असेल तर चॅनल सुमारे चाळीस मिलिसेकंद ओळखीचा राहतो. ताशी १०० किलोमीटरने मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जात असेल तर जेमतेम सव्वा मिलिसेकंद. यावर इमारतींची आणि डोंगरांची सावली असते, ती सेकंदांच्या हिशेबाने बदलते. त्याहीवर टॉवरपासूनचे अंतर, ते मिनिटांच्या हिशेबाने. तीन वेगवेगळ्या चालींचे बदल एकावर एक रचलेले असतात आणि त्यांना एकच उपाय लागू पडत नाही.

यात आणखी एक भर असते ती शेजारच्या टॉवरची. फोन टेबलावर स्थिर पडलेला असला तरी शेजारच्या टॉवरने या मिलिसेकंदात कोणाला, कोणत्या दिशेने काय पाठवले यावर इथली खरखर ठरते आणि पुढच्या मिलिसेकंदात त्याचा निर्णय बदललेला असतो. दाट वस्तीत, जिथे टॉवर एकमेकांच्या डोक्यावर बसलेले असतात, तिथे सिग्नल कमी पडण्यापेक्षा ही परकी खरखरच जास्त नडते. फोनवरच्या दांड्या यातले काही सांगत नाहीत. त्या सिग्नलचे बळ दाखवतात, त्याची स्वच्छता नाही. शिवाय टॉवरवर किती गर्दी आहे हे तर मुळीच नाही. गणपती विसर्जनाच्या रात्री गिरगावात पाचही दांड्या भरलेल्या असून नेट हलत नाही, तिथे लिंक अ‍ॅडाप्टेशनचा दोष नसतो. वेग चांगला ठरलेला असतो, पण आपली पाळीच येत नाही.

बदलत्या हवेशी जुळवून घेण्याची कल्पना मोबाइलच्या बरीच आधीची आहे. १९२७ साली इंग्लंड आणि भारत यांच्यात लघुलहरींवर बीम वायरलेस सेवा सुरू झाली, तिची भारतातली केंद्रे पुण्याजवळ होती, खडकी आणि दौंड इथे. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन जातात आणि आयनांबर सूर्यावर चालते. म्हणून दिवसा वरची वारंवारता आणि रात्री खालची, हा लघुलहरींच्या ऑपरेटरचा रोजचा धडा. त्या काळी जुळवून घेण्याचे काम माणूस करत असे, घड्याळ आणि अनुभव यांच्या जोरावर. चाल संथ असल्यामुळे ते जमत असे.

त्याहून विलक्षण प्रयोग १९५० च्या दशकात कॅनडात झाला. जॅनेट नावाच्या त्या यंत्रणेने उल्कांचा उपयोग केला. दर काही सेकंदांनी कुठेतरी एखादी बारीकशी उल्का वातावरणात जळते आणि मागे आयनांची एक रेघ सोडते. ती रेघ बहुतेकदा सेकंदभरही टिकत नाही, पण तेवढ्यात तिच्यावरून रेडिओलहर शेकडो किलोमीटर दूर परावर्तित होऊ शकते. जॅनेटची दोन्ही टोके सतत एकमेकांना ऐकत बसत. समोरचा ऐकू आला की साठवून ठेवलेला मजकूर भरधाव सोडायचा, रेघ विरली की थांबायचे. अमेरिकेत पुढे पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या बर्फाची मोजमापे गोळा करण्यासाठी हेच तंत्र बरीच वर्षे वापरले गेले. बाकीचे अभियंते चॅनलच्या चढउताराला आजार समजत होते; इथे चढ आला की त्यावर स्वार व्हायचे, एवढाच कार्यक्रम होता. या विचाराला मोबाइलच्या जगात मान मिळायला आणखी चाळीस वर्षे लागली.

बेल लॅब्जमध्ये क्लॉड शॅननने १९४८ साली सिद्ध केले की सिग्नल आणि खरखर यांचे गुणोत्तर ठरले की चॅनलमधून चूक न होता जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते तेही ठरते. गुणोत्तर बदलत असेल तर कमाल वेगही बदलतो, हे ओघाने आले. १९६८ मध्ये जे. एफ. हेज यांनी आणि १९७२ मध्ये जे. के. कॅव्हर्स यांनी उलट्या वाटेने खबर घेऊन पाठवण्याची शक्ती किंवा वेग बदलण्याचे गणित मांडले. ते गणित मग दोन दशके जवळपास पडूनच राहिले. पाठवण्याचा वेग क्षणोक्षणी बदलू शकेल अशी यंत्रे नव्हती, आणि गरजही नव्हती. मोबाइल म्हणजे तेव्हा फक्त बोलणे, आणि बोलण्याला वेग ठरलेला लागतो. निम्मे वाक्य आत्ता आणि निम्मे हवा सुधारल्यावर, असे चालत नाही.

म्हणून सुरुवातीच्या डिजिटल मोबाइलने दुसरा मार्ग धरला: वेग तोच ठेवायचा आणि चॅनल वाईट झाला की आवाज चढवायचा. सीडीएमएमध्ये सगळे फोन एकाच पट्टीवर एकाच वेळी बोलतात, त्यामुळे टॉवरजवळचा फोन जरा मोठ्याने बोलला तर लांबच्याचा आवाज बुडतो. तिथे शक्तीवर लगाम ठेवणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न होता. पहिल्या सीडीएमए मानकात टॉवर फोनला सेकंदाला ८०० वेळा 'वर' किंवा 'खाली' सांगत असे, थ्रीजीच्या डब्ल्यूसीडीएमएमध्ये १५०० वेळा. एवढ्या वेगाने खबर फिरवली तर चालत्या माणसाच्या सिग्नलमधले खड्डे चांगले भरून निघतात. गाडीतल्या माणसाचे नाही.

आवाज चढवण्याचा मार्ग साधा शहाणपणाचा वाटतो, पण माहिती पाठवायची असेल तर तो बहुधा चुकीचा आहे. हे सर्वात नीटसपणे दाखवले १९९७ मध्ये अँड्रिया गोल्डस्मिथ आणि त्यांचे बर्कलीतले मार्गदर्शक प्रवीण वरैया यांनी. (वरैया मुंबईच्या व्हीजेटीआयचे पदवीधर.) पाठवणारा आणि घेणारा दोघांनाही चॅनल माहीत असेल तर सर्वोत्तम धोरण कोणते, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असे, की चॅनल चांगला असताना जास्त शक्ती आणि जास्त वेग वापरा, वाईट असताना दोन्ही कमी करा, आणि फारच वाईट असेल तर गप्प बसा. उलट, चॅनल कितीही पडला तरी शक्ती वाढवून सिग्नल एकसारखा ठेवायचाच असा हट्ट धरला तर, अनेक वाटांनी येणाऱ्या लहरींच्या नेहमीच्या नमुन्यात, सरासरी शक्तीला मर्यादा असताना मिळणारा वेग शून्यावर येतो. सगळी ताकद मोजक्या खोल खड्ड्यांत ओतली जाते. त्याच निबंधातला कमी सांगितला जाणारा भाग मला व्यवहाराच्या दृष्टीने जास्त मोलाचा वाटतो: शक्ती स्थिर ठेवून फक्त वेग बदलला तरी क्षमतेत फारसे नुकसान होत नाही. डेटा नेटवर्कांनी पुढे तेच केले. टॉवरची शक्ती साधारण तीच राहते, हलतो तो वेग.

आता यात दुसरा माणूस आणा. टॉवरकडे एकच ग्राहक नसतो, पन्नास असतात, आणि पन्नासांचे चॅनल एकाच वेळी वाईट नसतात. १९९५ मध्ये नॉप आणि हम्बलेट यांनी दाखवले की दर क्षणी ज्याचा चॅनल सर्वात चांगला आहे त्यालाच पाठवत गेले तर एकूण माहिती सर्वाधिक जाते, आणि ग्राहक जितके जास्त तितका फायदा मोठा. चढउतार वरदान ठरतात ते इथे, कारण कोणीतरी नेहमी चढावर असतोच. अडचण उघड आहे: टॉवरच्या पायाशी बसलेला माणूस सगळे नेट खाईल आणि हद्दीवरच्या गावाला काहीच मिळणार नाही. त्यावरचा तोडगा क्वालकॉमच्या ईव्ही-डीओ यंत्रणेसोबत आला. आपल्याकडे टाटा फोटॉनचे डोंगल ज्यांनी वापरले त्यांनी तीच यंत्रणा वापरली. तिथे फोन सेकंदाला ६०० वेळा आपल्याला झेपणारा वेग कळवत असे, ३८.४ किलोबिटपासून २.४५ मेगाबिटपर्यंत, आणि टॉवर आत्ताचा वेग भागिले आजवरचा सरासरी वेग असे गुणोत्तर काढून ज्याचे सर्वात मोठे त्याला पाळी देत असे. म्हणजे प्रत्येकाला त्याच्या त्याच्या परीने चांगल्या क्षणी पाळी. हद्दीवरच्या गावाचाही चांगला क्षण येतो.

हे न्याय्य आहे का? सगळ्यांना वेळ साधारण सारखा मिळतो, वेग सारखा मिळत नाही. हद्दीवरचा माणूस तेवढेच पैसे भरून दहावा भाग नेट घेतो. उलट सगळ्यांना सारखा वेग द्यायचा म्हटले तर टॉवरचा बहुतेक वेळ हद्दीवरच्या दोन-चार फोनांत जाईल आणि सगळेच गरीब होतील. अभियांत्रिकीने यातली एक बाजू निवडली आणि ती आता इतकी रुळली आहे की ती निवड होती हेही कोणाला आठवत नाही. आणि या पद्धतीत खबर देणारा फोनच असल्यामुळे, खोटा आकडा फुगवून सांगणाऱ्या फोनला जास्त पाळ्या उकळता येतात, हेही संशोधकांनी दाखवून ठेवले आहे.

जीएसएमच्या घराण्यात हा बदल पायरीपायरीने झाला. जीपीआरएसला कोडिंगचे चार दर्जे होते, ९.०५ ते २१.४ किलोबिट, सर्वात वरच्या दर्जाला चूक-दुरुस्तीचे संरक्षण जवळजवळ नव्हतेच. एजने मॉड्युलेशनही बदलते केले आणि नऊ दर्जे आणले, वरचा ५९.२ किलोबिटांचा. बोलण्यासाठी एएमआर नावाचा कोडेक आला. त्यात आवाज ४.७५ ते १२.२ किलोबिट अशा आठ वेगांत बांधता येतो. जीएसएमची पूर्ण वाहिनी मात्र २२.८ किलोबिटांचीच राहते, उरलेली सगळी जागा संरक्षणाला. हवा बिघडली की आवाज थोडा बोदा होतो, पण तुटत नाही. बोलण्याला वेग ठरलेला लागतो असे वर म्हटले. एएमआरने त्यातूनही वाट काढली, ती अशी.

खबरीचे वय ही खरी गोष्ट आहे हे मोबाइल उद्योगाने उघडपणे मान्य केले ते २००२ च्या एचएसडीपीएमध्ये. त्याआधी थ्रीजीत कोणाला कधी पाठवायचे हे टॉवरपासून दूर बसलेला नियंत्रक ठरवत असे, आणि हिशेबाचा सर्वात छोटा तुकडा दहा मिलिसेकंदांचा होता. एचएसडीपीएने निर्णय उचलून टॉवरमध्येच आणला आणि तुकडा दोन मिलिसेकंदांचा केला. एलटीईत, म्हणजे फोरजीत, तो एक मिलिसेकंदाचा झाला. नव्या मॉड्युलेशनचे तेव्हा फार कौतुक झाले. पण त्या पिढीतली मोठी उडी, माझ्या मते, निर्णय करणारा खबरीच्या जवळ आणून बसवणे ही होती.

तरीही खबर शिळी उरतेच. फोन मोजतो, कळवतो, टॉवर ठरवतो, पाठवतो, यात काही मिलिसेकंद जातात. शिवाय फोनाफोनांत फरक असतो. एकाच जागी ठेवलेले दोन कंपन्यांचे फोन वेगवेगळा आकडा सांगतात, कोणी भीत भीत, कोणी फुशारकीने. म्हणून टॉवर फोनचे म्हणणे जसेच्या तसे घेत नाही. तो प्रत्येक फोनसाठी एक खासगी सुधारणा बाळगतो. पॅकेट पोचल्याची पावती आली की सुधारणा अगदी किंचित वर, चुकल्याची आली की तिच्या नऊपट खाली. नऊ बरोबर आणि एक चूक असे झाले की हिशेब जुळतो आणि चुकांचे प्रमाण आपोआप दहा टक्क्यांवर स्थिरावते. बाहेरचा फेरा म्हणून ओळखली जाणारी ही युक्ती इतकी साधी आहे की तिच्यावर लिहायला फारसे काही नाही, आणि नेटवर्क उभे राहते ते मात्र तिच्यावर. एकच दुखणे: ती संथ आहे. दोन-चार पॅकेटांचा छोटा व्यवहार, म्हणजे यूपीआयचे पैसे किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर, तिला शिकायला वेळ मिळण्याआधीच संपलेला असतो.

दहा टक्के चुका मुद्दाम सोसायच्या, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटते. इथे पुनर्प्रेषण मदतीला येते. चुकलेले पॅकेट फोन फेकून देत नाही, जपून ठेवतो. दुसरी प्रत आली की दोन्ही मिळवून वाचतो. दोन अर्धवट प्रतींतून एक पूर्ण मजकूर निघू शकतो. डेव्हिड चेस यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही कल्पना पुढे आणखी सुधारली: दुसऱ्या वेळी तेच बिट न पाठवता संरक्षणाचे नवे बिट पाठवायचे. एलटीईत हा फेरा आठ मिलिसेकंदांचा असतो. खबर शिळी असल्यामुळे निवड चुकली तर तिची दुरुस्ती नंतर होते, आणि दुरुस्ती स्वस्त असल्यामुळे आधी थोडे धाडस परवडते. ज्याला चूक परवडत नाही, म्हणजे कारखान्यातला रोबो वगैरे, त्याच्यासाठी फाइव्ह-जीत वेगळा तक्ता आहे. तिथे चूक लाखात एक धरली जाते, आणि त्यासाठी वेगाचा मोठा भाग सोडून द्यावा लागतो.

वाय-फायची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त करमणुकीची वाटते, कारण तिथे खबरच येत नाही. राउटरला फक्त पावती मिळते. पावती आली म्हणजे पोचले, नाही आली म्हणजे काहीतरी बिघडले. मानकात नंतर खबर देण्याची सोय आली, पण घरगुती उपकरणांत तिचा फारसा उपयोग होत नाही. १९९७ मध्ये ल्यूसेंटच्या वेव्हलॅन-२ साठी आलेल्या पहिल्या पद्धतीचा नियम असा: लागोपाठ दहा पावत्या आल्या की एक पायरी वर, दोन चुकल्या की एक पायरी खाली. चालली बरी. पण 'काहीतरी बिघडले' याचे दोन अगदी उलटे अर्थ असतात. सिग्नल कमजोर असेल तर वेग कमी करणे बरोबर. पण शेजारच्या फ्लॅटच्या राउटरने त्याच क्षणी तोंड उघडल्यामुळे टक्कर झाली असेल तर वेग कमी केल्याने पॅकेट हवेत जास्त वेळ राहते, टकरींची शक्यता वाढते, आणखी पावत्या चुकतात, राउटर वेग आणखी कमी करतो. दाटीच्या सोसायटीत, प्रत्येक मजल्यावर चार राउटर असताना, हे दुष्टचक्र नेहमीचे. टक्कर आणि कमजोरी यांत फरक कसा ओळखायचा, यावर २००६ च्या सुमारास बरेच काम झाले, त्यातले एक साधन म्हणजे संशय आला की आधी छोटीशी परवानगी मागून वाट मोकळी करून घेणे.

टिकली मात्र वेगळीच वाट. जॉन बिकेट यांनी एमआयटीत २००५ मध्ये आणि पुढे मिनस्ट्रेल नावाच्या लिनक्समधल्या प्रोग्रॅमने कारण शोधणे सोडूनच दिले. साधारण दर दहातले एक पॅकेट दुसऱ्याच एखाद्या वेगाने पाठवून बघायचे, प्रत्येक वेगाला किती यश येते त्याची वही ठेवायची, आणि प्रत्यक्षात सर्वात जास्त माहिती पोचवणारा वेग वापरायचा. मिनस्ट्रेल ती वही सेकंदाला दहा वेळा ताजी करते. खबर मिळत नसेल तर स्वतः पावले टाकून रस्ता चाचपा, असा हा मामला. यंत्रशिक्षणाचा गवगवा होण्याच्या कितीतरी आधी हे घराघरातल्या राउटरमध्ये चालू होते.

वेग जुळवण्याचा एक अनपेक्षित दुष्परिणाम ग्रनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवला. वाय-फाय प्रत्येकाला सारख्या पाळ्या देते, सारखा वेळ नाही. म्हणून लांबच्या खोलीतला एक लॅपटॉप ११ वरून १ मेगाबिटवर उतरला की त्याचे प्रत्येक पॅकेट हवेला जास्त वेळ अडवते आणि राउटरशेजारी बसलेल्यांचाही वेग १ मेगाबिटच्या खाली घसरतो. एकाने हवेशी प्रामाणिकपणे जुळवून घेतले आणि शिक्षा सगळ्या घराला. लिनक्समध्ये वेळ सारखा वाटण्याची दुरुस्ती पोचायला २०१७ उजाडावे लागले.

पावती चुकली म्हणजे काय समजायचे, हा घोळ वरच्या थरातही आहे. इंटरनेटचा टीसीपी हरवलेले पॅकेट म्हणजे गर्दी असे मानतो, कारण तो तारांच्या जगात वाढला. हवेत पॅकेट हरवले की तो विनाकारण पाय मागे घेतो. हरी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये बर्कलीत स्नूप नावाचा उपाय केला: टॉवरनेच मध्ये बसून हरवलेले पॅकेट परत पाठवायचे आणि टीसीपीला कळूच द्यायचे नाही. आजच्या मोबाइल नेटवर्कात तेच काम खालच्या थरातले पुनर्प्रेषण करते.

आता पावसाकडे. साधारण दहा गिगाहर्ट्झच्या वर पावसाचे थेंब लहर गिळू लागतात, आणि आपल्याकडच्या डीटीएचचा कू बँड त्याच्याच वर आहे. जुलैत आभाळ फाटले की टीव्हीवर चौकोन दिसतात, मग चित्र जाते. उपग्रह मात्र काहीच करत नाही, आणि करूही शकत नाही. एकच प्रक्षेपण देशभरच्या घरांत जाते, छत्रीकडून उलटी वाट नाही, आणि रत्नागिरीत कोसळत असताना जैसलमेरला ऊन असते. प्रक्षेपणाला एकच दर्जा निवडावा लागतो, पुरेसा राखीव जोर ठेवून. तोच उपग्रह बँकेच्या शाखेशी किंवा जहाजाशी दुतर्फा बोलत असेल तर चित्र बदलते. डीव्हीबी-एस२ या मानकात मॉड्युलेशन आणि कोडिंगच्या २८ जोड्या आहेत. सर्वात सोशिक आणि सर्वात वेगवान यांच्यात सुमारे १८ डेसिबलचे अंतर, म्हणजे लागणाऱ्या शक्तीत साठपटींहून जास्त. भूस्थिर उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, खबर पोचायलाच पाव सेकंद. मोबाइलच्या दृष्टीने ही खबर पुरातन. पण पाऊस मिलिसेकंदांत बदलत नाही, सेकंदांत चढतो-उतरतो, त्यामुळे पाव सेकंद जुनी खबर इथे ताजीच ठरते. वय घड्याळावर मोजून उपयोग नाही, चॅनलच्या चालीशी ताडून मोजावे लागते, हे यात सर्वात स्वच्छ दिसते.

टॉवरांना एकमेकांशी जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह दुव्यांत याचा व्यवहारी उपयोग होतो. पूर्वी असा दुवा वर्षातली पाच मिनिटे सोडून सतत चालावा म्हणून सर्वात वाईट पावसासाठी आखत, आणि उरलेले वर्ष ती ताकद पडून राही. आता कोरड्या दिवसांत दाट मॉड्युलेशन चालवतात, धुवांधार पावसात क्यूपीएसकेवर उतरतात आणि बोलण्याची वाहतूक आधी, व्हिडिओ मागे, असा क्रम लावतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात नेट मंदावते पण फोन लागतो, त्यामागे पुष्कळदा हे असते.

शेतातल्या किंवा पाण्याच्या मीटरवरच्या लोरा सेन्सरचे उद्दिष्टच निराळे आहे. भारतात तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये चालतो आणि त्याला वेगापेक्षा बॅटरी प्यारी. दर्जे सहा, साडेपाच किलोबिटांपासून अडीचशे बिटांपर्यंत. सर्व्हर मागच्या वीसेक निरोपांवरून निवांत ठरवतो. सेन्सर खांबावर असेल तर उत्तम. तोच गाईच्या गळ्यात बांधला तर ही सोय बंद ठेवलेली बरी.

पुढच्या वाटा दोन दिशांनी जातात. एक म्हणजे खबरीची गरजच कमी करायची. रॉनी हदानी आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या ओटीएफएस पद्धतीत माहिती वेळ आणि वारंवारता यांऐवजी विलंब आणि डॉप्लर (हालचालीमुळे वारंवारतेचे सरकणे) यांच्या जाळीवर पसरली जाते. त्या जाळीवरून पाहिले तर धावत्या गाडीचा चॅनलही बराच वेळ सारखा दिसतो, कारण परावर्तक इमारती तितक्या लवकर जागा बदलत नाहीत. रेल्वे आणि विमानांसाठी हे आकर्षक आहे, गणित महाग आहे.

दुसरी दिशा खबर जास्त आणि बारीक घेण्याची. फाइव्ह-जीच्या टॉवरवर चौसष्ट अँटेना असतील तर फोनकडे किरण वळवायला चार बिटांचा आकडा पुरत नाही, पूर्ण चॅनलचे वर्णन लागते, आणि ते जितके सविस्तर तितके पाठवायला वेळ घेते आणि तितके लवकर नासते. म्हणून मोबाइलची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने मानकाच्या रिलीज १८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास हाती घेतला: एक काम वर्णन आवळून पाठवण्याचे, दुसरे फोननेच पुढच्या काही मिलिसेकंदांचा चॅनल वर्तवण्याचे. वर्तवण्याचे काम एका बाजूचे आहे, फोन बनवणारा ते एकटा करू शकतो. आवळण्याचे तसे नाही. आवळणारे न्यूरल जाळे फोनमध्ये, उलगडणारे टॉवरमध्ये, आणि दोन्ही एकमेकांसोबत शिकवलेले असावे लागते. फोन एका कंपनीचा, टॉवर दुसऱ्या. शिकवायचे कोणी, शिकवण्याची सामग्री कोण कोणाला देणार, आणि जोडी चुकली तर दोष कोणाच्या यंत्राचा धरायचा, यावर कंपन्यांचे एकमत झाले नाही. त्याच अभ्यासातली किरण निवडणे आणि जागा ओळखणे ही कामे रिलीज १९ मध्ये मानकाकडे सरकली. आवळण्याचे काम मात्र तेव्हा अभ्यासातच ठेवले गेले.